दोन फळ्यांच्या वर्गातलं ‘एनएचके फॉर स्कूल’

शिमाने प्रांताच्या डोंगराळ भागात मी जेट कार्यक्रमातून (परदेशी तरुणांना जपानी शाळांत काम देणारा सरकारी कार्यक्रम) सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून काम करते. माझ्याकडच्या शाळांपैकी सगळ्यात लहान शाळेत पाचवी आणि सहावी एकाच खोलीत बसतात. पाचवीत दोन मुली, सहावीत तीन मुलगे. खोलीत पुढे एक फळा, मागे एक फळा. दोन्ही इयत्ता एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. जपानमध्ये लागोपाठच्या दोन इयत्तांची मिळून १६ किंवा त्याहून कमी मुलं असली, तर राष्ट्रीय निकषानुसार त्यांचा एकच वर्ग, म्हणजे जोडवर्ग, होतो. पहिली त्यात असेल, तर हा आकडा ८. शिक्षकही मग एकच.

एनएचके फॉर स्कूल ही जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची शाळांसाठीची मोफत सेवा. एनएचकेचं देशभरातलं शालेय रेडिओ प्रसारण १९३५ साली सुरू झालं, शैक्षणिक वाहिनी १९५९ साली आली, आणि आता तेच काम संकेतस्थळावरही चालतं. बरेचसे कार्यक्रम दहा मिनिटांचे, आणि एकेक गोष्ट दाखवणाऱ्या एक-दोन मिनिटांच्या छोट्या चित्रफितीही भरपूर. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. गावाच्या शिक्षण मंडळापुढे हात पसरावा लागत नाही, ही लहान शाळेसाठी फार मोठी सोय आहे.

पण ही सेवा मला आवडते ती मुख्यतः तिच्या चित्रफितींच्या लांबीमुळे. का, ते सांगते.

जोडवर्गात शिक्षक एका इयत्तेला शिकवत असताना दुसरी आपापलं काम करते, मग शिक्षक तिकडे जातात. या ये-जा करण्याला इथले शिक्षक ‘वातारी’ म्हणतात. दोन्ही इयत्तांचा नवा भाग एकाच वेळी सुरू होऊ नये म्हणून पाठाचे टप्पे मागेपुढे सरकवतात, ती ‘झुराशी’. कागदावर हे छान जमतं. प्रत्यक्षात सहावीच्या मुलाचा प्रश्न अर्ध्यावर असताना पाचवीतून हाक येते, “सेन्सेई (सर), झालं!” आणि सरांना वळावंच लागतं.

विज्ञानाचा एक तास मी मागे बसून पाहिला. सहावीचा ज्वलनाचा प्रयोग होता: बरणीत मेणबत्ती, वर झाकण, ज्योत कधी विझते ते पाहायचं. समोर आग असताना सर तिथून हलूच शकत नव्हते. पाचवीला त्याच वेळी मेदाका माशाची अंडी होती. पंचवीस अंशांच्या पाण्यात अंड्यातून पिल्लू बाहेर यायला साधारण अकरा दिवस लागतात. वर्गातल्या काचेच्या टाकीत ते सगळं चालूच होतं, पण दिवसागणिक होणारा बदल सलग बघायला चित्रफीत हवी. मुलींनी कानाला हेडफोन लावले आणि आपापल्या टॅबलेटवर ती पाहिली. अंड्याच्या आत हृदय धडधडायला लागलं तिथे दोघींनी एकदमच थांबवलं, मागे नेलं, परत पाहिलं. तेवढा वेळ सर पूर्णपणे सहावीचे होते. मेणबत्ती विझल्यावर ते सावकाश वळले, तेव्हा मुलींच्या वहीत दोन प्रश्न लिहून तयार होते.

प्रत्येक मुलाला टॅबलेटसारखं एक उपकरण देण्याची सरकारची ‘गिगा स्कूल’ योजना डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. त्याआधी वर्गात एकच टीव्ही, म्हणजे पाचवीचा मासा सहावीलाही ऐकावा लागणार. टॅबलेट आणि हेडफोन हातात आल्यावर ही सेवा जोडवर्गाच्या खऱ्या उपयोगाची झाली असं मला वाटतं.

दुर्गम भागातल्या शाळांसाठी जपानने १९५४ साली कायदा केला. त्यामुळे तिथल्या शिक्षकाला विशेष भत्ता मिळतो, राहायला घराची सोय होते. याचं मोल मी कमी मानत नाही. पण तासाला दोन फळ्यांच्या मधे तो माणूस एकटाच असतो, शिवाय माणसं कमी म्हणून शाळेची इतर कामंही त्याच्याच अंगावर. त्याला आधार द्यायचा, तर तो त्या खोलीतच पोचायला हवा. या दहा मिनिटांच्या चित्रफिती तिथे पोचतात.

जे काम चित्रफितीचं नाहीच, त्याची अपेक्षा मात्र तिच्याकडून करू नये. ती मुलाचं उत्तर ऐकत नाही. पाचवीत दोघीच असल्या की एकीचं मत ते दुसरीचंही होऊन जातं. वाद घालायला तिसरं कुणी नसतं. कागोशिमा प्रांतातल्या तोकुनोशिमा गावाने यावर काढलेला मार्ग मला सगळ्यात जास्त पटतो. तिथे दोन लहान शाळांचे जोडवर्ग पडद्यावरून जोडतात, आणि एका शाळेतले शिक्षक दोन्हीकडच्या एका इयत्तेला, तर दुसऱ्या शाळेतले दुसऱ्या इयत्तेला शिकवतात. वातारी संपते आणि मुलांना सोबतीही मिळतात. त्यासाठी दोन शाळांची वेळापत्रकं जुळावी लागतात, दोन शिक्षकांनी आधी बसून पाठ आखावे लागतात. चित्रफितीला यातलं काहीच लागत नाही, म्हणून उद्याच्या तासाला तीच हाताशी येते.

लहान शाळेत पहिल्यांदाच बदली होऊन आलेल्या शिक्षकांना मी ही सेवा मनापासून सुचवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही इयत्तांचे धडे शेजारी-शेजारी मांडा. जिथे प्रयोग, आग किंवा अवघड नवी कल्पना एका बाजूला येते, तिथे दुसऱ्या बाजूसाठी चित्रफीत शोधून संकेतस्थळावरच्या आपल्या यादीत टाकून ठेवा. लावण्याआधी फळ्यावर एक प्रश्न लिहा, आणि संपल्यावर मुलांनी काय करायचं तेही लिहा. नाहीतर अकराव्या मिनिटाला हाक येतेच. हेडफोन शाळेकडून मागून घ्या, आणि एक जोड जास्तीचा ठेवा.