केमिस्ट्रीच्या सरावाला काय घ्यावं? पाठ्यपुस्तक, जाड गाइड, जुने पेपर की टेस्ट सिरीज

मी सांगलीत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. "मॅडम, नीटच्या सरावाला कुठलं पुस्तक घेऊ?" हा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेबद्दलचा प्रश्न दरवर्षी कॉलेज सुरू झालं की येतो. विचारणाऱ्या पालकांनी बऱ्याचदा एक जाड गाइड आधीच घेतलेलं असतं, फक्त माझा होकार हवा असतो. मी त्यांना आधी हे सांगते की फिजिकल, ऑरगॅनिक आणि इनऑरगॅनिक हे सरावाच्या दृष्टीने तीन वेगळे विषय आहेत. तिघांना एक पुस्तक पुरत नाही. मुलाचे मार्क यातल्या कशात जातात ते न बघता आणलेलं पुस्तक वर्षभर कोरंच राहतं.

पेपरचा हिशेब लक्षात घ्या. २०२५ च्या नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. त्यात केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न, १८० मार्क. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. २०२१ ते २०२४ या वर्षांत केमिस्ट्रीच्या ५० पैकी ४५ सोडवायची सवलत होती, ती २०२५ ला गेली. त्यामुळे धडा ऑप्शनला टाकणं आता महागात पडतं.

इनऑरगॅनिकसाठी एनसीईआरटी (केंद्राचं पाठ्यपुस्तक) आणि गाइड शेजारी ठेवले तर मी डोळे झाकून एनसीईआरटी उचलेन. गाइडमधली जादा माहिती पाठ करण्यात महिने जातात आणि पाठ्यपुस्तकातलं साधं वाक्य मात्र निसटतं. पण इथे एक अडचण आहे, आणि ती फार थोड्या पालकांना माहीत असते. एनसीईआरटीच्या नव्या छपाईत पी-ब्लॉकचे, म्हणजे आवर्तसारणीतल्या गट १३ ते १८ चे, धडे नाहीत, अकरावीच्याही नाहीत आणि बारावीच्याही नाहीत. नीटच्या अभ्यासक्रमात मात्र हे गट आहेत. नवं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून "सगळं झालं" म्हणणाऱ्या मुलाचा हा भाग कोराच असतो.

यासाठी वेगळा खर्च करायची गरज नाही. आपलं बालभारतीचं पुस्तक घरात असतंच. त्यात गट १३, १४, १५ अकरावीला आहेत आणि १६, १७, १८ बारावीला. बोर्डाचं पुस्तक नीटला काही कामाचं नाही असं मुलं सर्रास म्हणतात. पी-ब्लॉकपुरतं तरी ते खरं नाही. गटांतले कल आणि प्रत्येक गटातल्या पहिल्या मूलद्रव्याचं वेगळेपण तिथून वाचा, आणि प्रश्न जुन्या पेपरांतून सोडवा.

दुसरी फुकटची वस्तू म्हणजे कॉलेजचं प्रॅक्टिकल जर्नल. २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्रावर वेगळं प्रकरण आलंय: क्षारांचं विश्लेषण, टायट्रेशन, आयोडोफॉर्म आणि अॅसिटॅनिलाइड बनवणं. नायट्रेटची तपकिरी कडी, निकेलला डायमिथाइलग्लायॉक्झिमने येणारा गुलाबी-लाल साका, तांब्याच्या द्रावणात जास्त अमोनिया घातल्यावर येणारा गर्द निळा रंग, हे ज्याने परीक्षानळीत पाहिलंय त्याला पाठ करावं लागत नाही. क्लाससाठी प्रॅक्टिकल बुडवणाऱ्या मुलांचं मला खरंच वाईट वाटतं. त्या दोन तासांत जे समजतं ते क्लासच्या कुठल्याही मॉड्यूलमध्ये (अभ्यासपुस्तिकेत) छापलेलं नसतं.

फिजिकलचं चित्र बरोबर उलटं आहे. तिथे एनसीईआरटीची उदाहरणं कमी पडतात आणि गाइड लागतंच. कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे हाताला आकडेमोडीची सवय हवी, आणि ती पन्नास-साठ गणितं केल्याशिवाय लागत नाही. गाइड निवडताना दुकानातच उभ्याउभ्या दोन गोष्टी बघा. एक, आयनिक समतोलाचा धडा उघडा. दहाचा उणे आठवा घात इतक्या मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती, हा नेहमीचा प्रश्न तिथे बहुधा असतोच. उत्तर ८ दिलं असेल तर पुस्तक परत ठेवा. आम्ल कितीही पातळ केलं तरी ते आम्लारी होत नाही. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरले की उत्तर ६.९८ येतं. दोन, मागची उत्तरं नुसती 'अ-ब-क-ड' आहेत की रीत दिली आहे? रीत नसलेलं गाइड हुशार मुलालासुद्धा अडवतं, कारण चूक सूत्रात झाली की घातांकात, हे त्याला कळतच नाही.

ऑरगॅनिकला माझी पसंती प्रकरणवार जुन्या पेपरांना. २०१६ पासूनचे पेपर धरले तर केमिस्ट्रीचे पाचशेहून जास्त प्रश्न हाताशी येतात. अल्डॉल, कॅनिझारो, हॉफमन ब्रोमामाइड या अभिक्रिया फिरून फिरून येतात, फक्त वेश बदलतो. एनसीईआरटीचं एक्झेम्प्लार हे सरावप्रश्नांचं पुस्तक त्याच्या जोडीला चांगलं आणि संकेतस्थळावर मोफत आहे. मात्र त्यात एकाहून जास्त पर्याय बरोबर असलेले प्रश्नही आहेत. नीटला तसे येत नाहीत. ते समज तपासायला सोडवा, घड्याळ लावून नको.

ओळखीच्या कुणाकडून जुनी मॉड्यूल्स मिळत असतील, लातूरची असोत की कोट्याची, तर जरूर घ्या, पण आधी अनुक्रमणिका बघा. घन अवस्था, पृष्ठ रसायन, पॉलिमर, हायड्रोजन, एस-ब्लॉक, पर्यावरण रसायन हे धडे २०२४ पासून अभ्यासक्रमात नाहीत. गेल्या वर्षी जतच्या एका मुलीने अशाच जुन्या संचातून घन अवस्थेची गणितं तीन आठवडे सोडवली. मेहनत प्रामाणिक होती. तिला ते सांगताना मलाच जड गेलं.

मराठीतून पेपर देता येतो, म्हणून मराठी सराव संच शोधणारेही भेटतात. प्रश्नपुस्तिकेत मराठीबरोबर इंग्रजीही असतं आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. आपल्याकडे विज्ञान शाखा अकरावीपासून इंग्रजीतून शिकवतात, तेव्हा सराव इंग्रजीतच केलेला बरा.

राहिली टेस्ट सिरीज. ॲपवरची स्वस्त पडते, जत-आटपाडीच्या मुलांचा एसटीचा वेळ वाचतो आणि कुठल्या धड्यात किती चुकलं हे लगेच कळतं. कागदावरची महाग, शिवाय रविवारी येणं-जाणं आलं. तरी बारावीच्या दिवाळीनंतर मी कागदावरचीच घ्यायला सांगते. २०२५ ची नीटही ओएमआरवरच, म्हणजे गोल काळे करायच्या कागदी उत्तरपत्रिकेवरच झाली. मोबाइलवर उत्तर बदलता येतं, पेनने काळा केलेला गोल बदलता येत नाही. ज्यांना केंद्रावर येणं परवडत नाही त्यांनी जुना पेपर झेरॉक्स करून घ्यावा, ओएमआरच्या कोऱ्या प्रती काढाव्यात आणि रविवारी जेवण झाल्यावर बरोबर दोन वाजता बसावं. २०२५ ची खरी परीक्षाही दुपारी दोन ते पाचच होती, आणि मे महिन्यात त्या वेळी डोळ्यांवर झापड येते.