ट्रिलियमचे कंद: ओल्या शेवाळातले घ्या, कोरडे नकोत

ट्रिलियम ग्रँडिफ्लोरम हे उत्तर अमेरिकेच्या जंगलातले, तीन पानांचे आणि पांढऱ्या फुलाचे छोटे झाड. त्याचे कंद ओलसर शेवाळात गुंडाळलेले मिळतात, तसेच कोरड्या भुश्शात भरलेलेही. कोरडे घेऊच नका. ट्यूलिपच्या कंदासारखा कोरडेपणा याला सोसत नाही. सुरकुतलेला कंद बहुधा उगवतच नाही. चांगला कंद दाबला की घट्ट लागतो, टोकाला टपोरा डोळा असतो आणि मुळे शाबूत असतात.

पाकिटावर ‘रोपवाटिकेत वाढवलेले’ एवढेच असेल तर विक्रेत्याला विचारा. जंगलातून खणून आणलेली झाडे वर्षभर कुंडीत ठेवूनही असे लिहिता येते. बी किंवा कंदाच्या विभागणीतून तयार केलेलेच घ्यावेत. बियांचे पाकीटही मिळते, पण बीपासून फूल यायला 5 ते 7 वर्षे, कधी त्याहून जास्त लागतात.

लावणी शरद ऋतूत, पानगळी झाडाखाली: 5 ते 10 सेंमी खोल, डोळा वर, अंतर 30 सेंमी. मातीत कुजलेला पालापाचोळा भरपूर हवा. पाणी साचले की कंद कुजतो, म्हणून चिकणमातीत वाफा उंच करा. हिवाळ्यात कडक थंडी नसेल तिथे हे कंद मागवू नका.

उन्हाळ्यात पाने पिवळी पडून नाहीशी होतात. झाड मेले समजून उकरू नका. फूल पानांसकट मुळीच खुडू नये. पुढच्या वर्षीचे अन्न त्या तीन पानांतूनच कंदात साठते. कोवळ्या कोंबांना गोगलगाईंपासून जपा.