मेडाबॉट्स (गेम बॉय ॲडव्हान्स): काही महिने खेळून झाल्यावर

मेडाबॉट्स हा सुटे पार्ट जोडून बॉट (रोबो) तयार करण्याचा आणि त्यांच्या लढाया लढवण्याचा आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम. पॉवरचा आकडा मोठा दिसला की तो पार्ट उचलून बॉटला बसवायचा, ही या गेममधली सगळ्यात महागात पडणारी सवय. सुरुवातीच्या लढाया तेवढ्यावर निघून जातात, त्यामुळे ती लागतेही पटकन. पुढे मात्र तोच भारी बॉट एकही वार न करता आडवा होतो आणि का झाला ते गेम सांगत नाही.

विकत घेण्याआधी एक खबरदारी. मेडारोट (इंग्रजीत मेडाबॉट्स) ही मूळ जपानी मालिका, पहिला गेम १९९७ साली गेम बॉयवर आला. इथे लिहिलंय ते त्यातल्या दुसऱ्या गेमच्या नव्या आवृत्तीबद्दल. ती इंग्रजीत मेटाबी आणि रोकुशो (ही दोन बॉटची नावं) अशा दोन व्हर्जनमध्ये मिळते. पण मेटाबी-रोकुशो याच नावांनी ‘मेडाबॉट्स एएक्स’ही त्याच मशीनवर आहे, आणि तो सरळ मारामारीचा ॲक्शन गेम आहे. लेबलवर ‘एएक्स’ दिसलं तर तो आरपीजी नव्हे. वापरलेली कार्ट्रिज घेताना हा घोटाळा हमखास होतो.

बॉट म्हणजे टिनपेट नावाचा सांगाडा, त्यात मेंदूसारखं काम करणारं मेडल, आणि वर चार पार्ट: हेड, दोन हात, पाय. टिनपेट पुरुष किंवा स्त्री असतो आणि पार्टही तसेच वेगळे असतात, त्यामुळे हाती आलेला प्रत्येक पार्ट प्रत्येकाला बसत नाही. चारही पार्टचं आर्मर वेगवेगळं मोजलं जातं. हात तुटला तर त्या हाताचं काम थांबतं, पाय तुटले तर वेग जातो, हेड फुटलं की बॉट बाद. लीडरचं, म्हणजे टीमच्या मुख्य बॉटचं, हेड फुटलं तर मागे दोन धडधाकट साथीदार उभे असले तरी लढाई हरली.

आता खरा मुद्दा. रोबॅटलमध्ये, म्हणजे बॉटांच्या लढाईत, दोन्ही टीम दोन टोकांना उभ्या असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त तीन बॉट. हुकूम दिला की बॉट मधल्या रेषेकडे धावतो, तिथे पोचल्यावर वार करतो, मग परत आपल्या जागी येतो आणि तेव्हाच पुढचा हुकूम घेतो. जातानाचा वेळ पार्टच्या ‘चार्जिंग’ या आकड्यावर, परततानाचा ‘रेडिएशन’ या आकड्यावर अवलंबून. जो पार्ट वापरायला निघालात तो वाटेतच फुटला, तर बॉट तसाच हात हलवत माघारी फिरतो.

मेटाबीवर हे अगदी स्वच्छ दिसतं. त्याच्या उजव्या हातात रिव्हॉल्व्हर, डाव्यात सबमशीन गन, डोक्यावर मिसाइल. समजा, सबमशीन गनचा हुकूम दिला आणि तो अर्ध्या वाटेत असताना समोरच्याने डावा हात फोडला. वार तर गेलाच, शिवाय परतीची अख्खी फेरी फुकट. हात आधीच मार खाऊन बसला असेल तर हुकूम दुसऱ्या हाताला द्यावा. हातांचे पार्ट कितीही वेळा वापरता येतात, हेडला मात्र मोजकेच वार मिळतात. मिसाइल पहिल्याच फेरीत उधळली की शेवटी दोन्ही हात गेल्यावर मेटाबी नुसता उभा राहतो.

रोकुशोचं गणित वेगळं. त्याच्याकडे तलवार आणि हातोडा, म्हणजे जवळून मारणं. जवळचा वार मधल्या रेषेच्या सगळ्यात जवळ असलेल्या शत्रूवर पडतो. बंदुकीवाला लक्ष्य निवडतो ते मेडलच्या स्वभावानुसार, आणि ते नेहमी शहाणपणाचं असेलच असं नाही. यातून एक डाव निघतो: नुकताच वार करून रेषेपाशी असलेला बॉट हाच समोरच्या तलवारीचा गिऱ्हाईक. म्हणून लीडरला रेडिएशन पटकन उरकणारे पार्ट द्यावेत, आणि रेषेजवळ रेंगाळायला जाड आर्मरचा साथीदार ठेवावा. हे एकदा जमलं की ज्या लढाया नशिबाच्या वाटत होत्या त्या अर्ध्याअधिक हातात येतात.

बर्सर्क प्रकारचा वार जबर लागतो, पण तो करताना बॉटला चुकवता येत नाही की बचाव करता येत नाही. लीडरला तो देणं म्हणजे हेड समोरच्याच्या ताटात वाढणं. साथीदाराला खुशाल द्या.

पायांकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात. खरं तर चुकवणं, बचाव आणि वेग यांबरोबरच जवळच्या आणि लांबच्या वाराचा आकडाही पायांतच असतो. म्हणजे बंदुकीवाल्याला जवळच्या वाराचे पाय बसवले तर ते नुसतं ओझं. शिवाय दोन पाय, अनेक पाय, टँक, चाकं, तरंगणारे, उडणारे, पाण्यातले असे प्रकार आहेत आणि जमिनीनुसार ते खुलतात किंवा अडखळतात. पाण्यात दुपायी रोकुशो घेऊन उतरलात तर मग तक्रार करू नये.

मेडलची स्किल वापराने वाढते, आणि प्रत्येक मेडलचा कल ठरलेला असतो. मेटाबीचं काबुटो मेडल गोळीबाराकडे, रोकुशोचं कुवागाटा तलवारीकडे. दिसायला झकास म्हणून काबुटोच्या बॉटला दोन तलवारी लावल्या तर मेहनत वाया जाते. एका मेडलला एकच काम देऊन ठेवा.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. लढाई संथ आहे. हुकूम दिल्यावर फक्त बघत बसायचं, आणि चालताना अचानक सुरू होणाऱ्या लढायांत हे फार वेळा होतं. पार्टची नावं वाचून काम कळत नाही, तपशील उघडून पाहावाच लागतो. जमेची बाजू ही की लढाई संपल्यावर फुटलेले पार्ट आपोआप दुरुस्त होतात, औषधपाण्याची खरेदी नाही. जिंकल्यावर हरलेल्याचा पार्ट मिळतो, त्यामुळे नको असलेली लढाईही अगदी फुकट जात नाही.

मशीनचं म्हणाल तर मूळ गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, दिव्याखाली कोन शोधत बसावं लागतं. एसपी हे त्याचंच नंतरचं मॉडेल बरं, पण त्याला नेहमीची हेडफोनची पिन बसत नाही. ॲडव्हान्सची कार्ट्रिज चालणाऱ्या नंतरच्या डीएस लाइट मशीनवर चित्र सगळ्यात छान दिसतं. मात्र दोन्ही व्हर्जनमधले पार्ट मित्राशी बदलायचे असतील तर लिंक केबल लागते, आणि तिची जागाच डीएस लाइटवर नाही. एकट्याने खेळायचं असेल तर डीएस लाइट, अदलाबदल करायची असेल तर दोघांकडे ॲडव्हान्स किंवा एसपीच हवा.