'इनसाइड आय'म डान्सिंग': दोन व्हीलचेअर, एक फ्लॅट आणि मदतनिसाचा प्रश्न

दोन अपंग मित्रांचा सिनेमा म्हटलं की आपल्याकडे अजूनही १९६४ चा 'दोस्ती' आठवतो. एक अंध, एक पायाने अधू, आणि दोघांमध्ये गाणी व त्याग. डब्लिनमध्ये घडणाऱ्या २००४ च्या 'इनसाइड आय'म डान्सिंग'मधले दोघे मात्र भांडतात, थापा मारतात, एकमेकांचा सरळ उपयोग करून घेतात, आणि तरी एकमेकांवाचून त्यांचं चालत नाही. आपल्याकडे हा सिनेमा फारसा कुणी पाहिलेला नाही, याची खरंच हळहळ वाटते. अमेरिकेत तो 'रोरी ओ'शे वॉज हिअर' या नावाने लागला होता, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. लांबी पावणेदोन तासांच्या आतली आहे. दिग्दर्शक डेमियन ओ'डॉनेल, पटकथा जेफ्री केनची, मूळ कथा ख्रिश्चन ओ'रायलीची.

मायकल लहानपणापासून अपंगांच्या निवासी संस्थेत वाढलाय. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, बुद्धी शाबूत, पण बोलणं कुणाला कळत नाही. तिथे रोरी येतो. केस उभे, तोंडात शिव्या, आणि ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीमुळे शरीराची हालचाल जवळजवळ हातापुरतीच उरलेली. मायकलचं बोलणं रोरीला पहिल्या दिवसापासून समजतं. इथून दोघांचा संस्थेबाहेर पडण्याचा खटाटोप सुरू होतो.

सिनेमाचा वेग या दोन आजारांतल्या फरकातून आलाय, आणि तो माहीत असेल तर प्रत्येक प्रसंग जास्त कळतो. सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेली इजा. ती पुढे वाढत नाही, मायकलपाशी वेळ आहे. ड्युशेन हा स्नायूंचा आनुवंशिक आजार, बहुतांशी मुलग्यांना होणारा. साधारण बारा वर्षांच्या सुमारास चालणं थांबतं, पुढे श्वासाचे स्नायू आणि हृदय दुबळं होतं. खोकण्याची ताकद उरत नाही, कफ छातीतच राहतो आणि साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र), खोकला काढायला मदत करणारं यंत्र आणि स्टेरॉइड यांमुळे आज बरेच जण तिशी गाठतात. रोरीची घाई आणि त्याचा उर्मटपणा हे सगळं या हिशेबातून बघा. शेवट इथे सांगत नाही.

सबटायटलबद्दल एक सल्ला. डब्लिनचे उच्चार जड जातात, त्यामुळे इंग्रजी सबटायटल लावायचा मोह होतो. सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं ती बंद ठेवा. मायकलचं बोलणं प्रेक्षकालाही आधी कळू नये, मग कान सरावत जावा, अशी या सिनेमाची रचना आहे. पहिल्याच वाक्याला त्याचे शब्द पडद्यावर उमटले तर रोरीचं महत्त्वच कळत नाही. कान बसला की मग हवी तर लावा.

सर्वांत नेमका भाग आहे तो स्वतंत्र राहण्यासाठीच्या भत्त्याचा. रोरीचा अर्ज पुन्हा पुन्हा नाकारला जातो, कारण तो 'बेजबाबदार'. मग मायकल अर्ज करतो, रोरी त्याचा दुभाष्या म्हणून सोबत बसतो, आणि मायकलचा अर्ज मंजूर होतो. गरज दोघांची सारखीच, मंजुरी एकालाच. आपल्याकडच्या पालकांना हे नवं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी दोन्ही आहेत. पण नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या १९९९ च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविकलांगता एवढंच येतं, म्हणून त्यांची एक लाखापर्यंतची 'निरामय' विमा योजना मायकलला मिळेल, एकट्या डिस्ट्रॉफीच्या रोरीला नाही. नाशिकमध्ये अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या तपासणीला मुलाला उचलून नेलेल्या आईबापांना तो मुलाखतीचा प्रसंग बघताना काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे घरासाठी पैसा लागतो. मायकलला टाकून दिलेले, वकिलीत नाव कमावलेले वडील त्यासाठी गाठले जातात. हा प्रसंग थोडक्यात उरकलाय, पण मायकलचा चेहरा विसरता येत नाही. मग मदतनीस म्हणून शिव्हॉन येते. सुपरमार्केटमध्ये काम करणारी, या कामाचा अनुभव नसलेली, आणि दोघांना आवडलेली. गडबड इथेच होते. मदतनीस आवडीवर निवडला आणि कामाची वेळ, सुट्टी, मर्यादा काही ठरवलं नाही, की नातं आणि नोकरी एकमेकांत गुंततात, आणि ज्याला रोज अंघोळ घालून घ्यायची आहे त्याचेच हाल होतात. शिव्हॉनला खलनायिका न करता सिनेमा हे दाखवतो. रोमोला गराईने तिचा गोंधळ आणि थकवा फार प्रामाणिकपणे उभा केलाय.

मात्र कामाचा भार सिनेमा लपवतो. उठवणं, शौच, अंघोळ, कपडे, खुर्चीत बसवणं, भरवणं यात एकेकाचे दीड-दोन तास सहज जातात. रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि कमरेला जखमा होतात. ड्युशेनच्या माणसाला काखेत हात घालून उचलायचं नसतं, खांदे दुबळे असल्याने तो हातातून निसटतो. दोन माणसांना एक मदतनीस हे गणित जमतच नाही. मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोतून बारा तासांचा माणूस आणणाऱ्या घरांना विचारा, एकालाच दोन पाळ्या लागतात. इथे पाळ्या, पगार, रात्र यांतलं काहीच दिसत नाही.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे दोन्ही भूमिका अपंग नसलेल्या नटांनी केल्या आहेत. जेम्स मॅकअॅव्हॉयचा रोरी झकास आहे, आणि स्टीव्हन रॉबर्टसनचा मायकल त्याहून अवघड काम. तरीही आज हा सिनेमा काढायचा झाला तर निवड वेगळी व्हायला हवी. संस्थाप्रमुख आयलीन झालेल्या ब्रेंडा फ्रिकरला १९८९ च्या 'माय लेफ्ट फूट'मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या डब्लिनच्याच मुलाच्या आईच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं होतं. तोच मायेचा चेहरा इथे कुंपणासारखा वापरलाय, ही निवड हुशारीची.

नाशिकमध्ये पालकगटाने किंवा फिल्म क्लबने हा जरूर दाखवावा, फक्त दाखवण्याचे हक्क आधी रीतसर घ्या. आणि हॉल ठरवण्याआधी मोजपट्टी घेऊन जा. रॅम्पचा उतार एकास बारा हवा. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर, तीन पायऱ्यांना ५.४ मीटर लांबी लागते, त्यामुळे ऐनवेळी फळी टाकून भागत नाही. दार किमान ९० सेंटिमीटर मोकळं हवं. बॅटरीवर चालणारी खुर्ची अनेकदा शंभर किलोच्या पुढे जाते, 'चार पोरं उचलतील' हा बेत धोक्याचा. लिफ्ट आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, पार्किंगमधून लिफ्टपर्यंतच तीन-चार पायऱ्या असलेल्या इमारती शहरात भरपूर आहेत. प्रत्येक व्हीलचेअरला ९० बाय १२० सेंटिमीटर जागा ठेवा, आणि ती सोबत्याच्या खुर्चीशेजारी, सगळ्या एकदम पडद्यापुढे नकोत. स्वच्छतागृहाचं दार आधी स्वतः उघडून बघा.

शिव्या, दारू आणि शरीरसंबंधांविषयीची बोलणी आहेत, तेव्हा पंधराच्या वरचे प्रेक्षक बरे. चर्चेसाठी अर्धा तास पुरणार नाही, 'आमच्यानंतर याचं काय' हा विषय पालक पहिल्या पाच मिनिटांत काढतील. अस्पष्ट बोलणाऱ्या मुलांनाही माइक द्या. वाक्य त्यांच्या वतीने पूर्ण करू नका. कळलं नाही तर मान डोलावण्यापेक्षा 'पुन्हा सांग' म्हणा, आणि तेवढा वेळ कार्यक्रमपत्रिकेतच धरून ठेवा.