टीवायच्या मुलांचं पोर्टल, मूडल की गूगल क्लासरूम?

दर जूनला हा प्रश्न येतोच. टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, मुलांनी प्रकल्प म्हणून महाविद्यालयासाठी पोर्टल बांधलेलं असतं. नोट्स, स्वाध्याय, हजेरी, अंतर्गत गुण, सगळं एका जागी. मुलं हुशार, सादरीकरण छान झालेलं, प्राचार्य खूश. मग विभागात चर्चा सुरू होते: हेच सगळ्या महाविद्यालयाला लावायचं, मूडल हे आपल्या सर्व्हरवर बसवायचं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं, की गूगलच्या ऑनलाइन क्लासरूमवर भागवायचं? मी रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. तिन्ही वापरून झालंय, म्हणून सांगतो.

मुलांनी लिहिलंय म्हणजे कच्चं असणार, हे आधी मनातून काढून टाका. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली कोर्सइन्फो ही कंपनी १९९८ मध्ये ब्लॅकबोर्डमध्ये विलीन झाली आणि ब्लॅकबोर्डचं अशाच कामाचं सॉफ्टवेअर पुढे जगभर गेलं. तशाच कॅनव्हास या प्रणालीमागची कंपनी २००८ मध्ये ब्रायन व्हिटमर आणि डेव्हलिन डेली या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी काढली. खुद्द मूडल मार्टिन डुगियामास यांनी पर्थच्या कर्टिन विद्यापीठात संशोधन करता करता लिहिलं आणि त्याची १.० आवृत्ती २००२ मध्ये आली. ही माणसं त्या कामाला वर्षानुवर्षं चिकटून राहिली. आपली मुलं परीक्षा झाली की पुण्या-मुंबईची वाट धरतात, आणि त्यांनी जायलाच हवं.

आमच्या मुलांचं पोर्टल दोन बाबतींत मूडलपेक्षा सरस होतं, हे मी आजही म्हणेन. पहिली बाब फोटोंची. आमच्याकडे स्वाध्याय वहीत लिहून त्याचे फोटो पाठवतात. एका पानाचा फोटो चार एमबीचा, पानं दहा. पावसाळ्यात वाडीत रेंज नसते, पोरं छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे उंचावरच्या उघड्या कातळावर, जाऊन उभी राहतात. आमच्या पोर्टलमध्ये फोटो फोनवरच आकसून तीनशे केबीपर्यंत यायचा, आणि रेंज गेली तर सातव्या पानावर थांबलेलं काम रेंज आली की सातव्याच पानापासून पुढे चालू व्हायचं. ज्या मुलानं हे लिहिलं तो स्वतः सड्यावर उभा राहिलेला होता. दुसरी बाब गणपतीची. गणपतीत आमचं महाविद्यालय ओस पडतं. एक बटण दाबलं की त्या आठवड्यातल्या सगळ्या विषयांच्या मुदती पुढे सरकायच्या. परगावच्या माणसाला हे सुचलंच नसतं.

आता उलट बाजू. मुलं पास होऊन गेली आणि त्याच वर्षी आम्ही पोर्टल दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं. तिथलं घड्याळ आंतरराष्ट्रीय वेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री ११:५९ ची मुदत त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत उघडी राहिली. काही मुलांच्या ते लक्षात आलं, त्यांनी पहाटेपर्यंत लिहून पाठवलं. एका मुलीनं मात्र बारा वाजले म्हणून तीन पानं बाकी असतानाच फोन ठेवून दिला होता. प्रामाणिकपणे वागली तिचंच नुकसान. तो स्वाध्याय सगळ्यांकडून पुन्हा घ्यावा लागला. दुरुस्ती एका ओळीची होती, पण ती ओळ सापडायला आठ दिवस गेले, कारण कोड वाचता येणारं महाविद्यालयात कोणीच उरलं नव्हतं. शोधताना आणखी एक गोष्ट दिसली: सगळ्यांचे पासवर्ड डेटाबेसमध्ये जसेच्या तसे, कोणालाही वाचता येतील असे ठेवलेले. यात दोष मुलांचा नाही, ते आधीच तपासायला हवं होतं मी.

त्याहून अवघड मुद्दा गुणांचा. ज्यानं पोर्टल लिहिलं, त्याचे स्वतःचे अंतर्गत गुणही त्याच पोर्टलमध्ये आणि चाव्या त्याच्याच हातात. आमच्या मुलांवर माझा पूर्ण विश्वास होता. तरी उद्या कोणी शंका घेतली तर त्या मुलाला बिचाऱ्याला स्वतःचा खरेपणा सिद्ध करत बसावं लागेल. विद्यार्थ्याला आपण अशा जागी उभं करू नये. शिवाय पहिल्या वर्षाला सतरा वर्षांची मुलं असतात आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. ती जबाबदारी संस्थेची, विद्यार्थ्याची नव्हे.

मूडल फुकट आहे, पण सर्व्हरचं भाडं आणि माणसाचा वेळ फुकट नाही. आठवड्याचे दोन-तीन तास त्याला द्यायची तयारी असलेला एक शिक्षक हवाच. बॅकअप घेताना नुसता डेटाबेस घेऊन चालत नाही, मुलांनी चढवलेल्या फायली मूडलडेटा नावाच्या फोल्डरमध्ये असतात, तोही घ्यावा लागतो. अर्धा बॅकअप घेऊन निश्चिंत झालेली महाविद्यालयं मी पाहिली आहेत. सर्व्हर महाविद्यालयातच ठेवायचा मोह टाळा. जून २०२० मधलं निसर्ग वादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. तळमजल्यावरच्या यंत्राचं काय होतं ते सांगायला नको. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये महाविद्यालयाच्या वायफायवर नोट्स उतरवून घेता येतात आणि घरी रेंजशिवाय वाचता येतात. आमच्या मुलांना याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. मराठी भाषेचा पॅकही आहे.

गूगल क्लासरूम २०१४ पासून आहे आणि ते शिकवावंही लागत नाही. संगणक विभागच नसलेल्या छोट्या महाविद्यालयाला मी डोळे झाकून हेच सुचवीन. मात्र २०२२ पासून संस्थेला सगळ्या खात्यांची मिळून १०० टीबीचीच मोफत जागा आहे, आणि आपल्या नमुन्यातले अंतर्गत गुण शेवटी एक्सेलमध्येच भरत बसावे लागतात.

तुमच्याकडे संगणक विभाग असेल तर माझं मत स्पष्ट आहे: गुण आणि सबमिशन मूडलमध्ये ठेवा, आणि मुलांना मूडलला जोडायचे भाग लिहायला द्या. अमेरिकेतल्या रेन्सेलिअर पॉलिटेक्निकमध्ये सबमिटी ही स्वाध्याय तपासणारी प्रणाली २०१४ पासून विद्यार्थीच लिहीत आले आहेत, पण त्यांच्यामागे प्राध्यापक कायम उभे आहेत आणि कोड सगळ्यांना खुला आहे. आपल्याकडेही टीवायसोबत एसवायची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, मुलं पहिल्या दिवसापासून बसवली तर कामात खंड पडत नाही.

तरीही मुलांचंच पोर्टल लावायचं ठरवलंत, तर आधी एक परीक्षा घ्या. शनिवारी कोरा संगणक मांडा आणि एसवायच्या दोघांना बॅकअपवरून पोर्टल उभं करायला सांगा. लिहिणाऱ्या मुलांनी खोलीबाहेर थांबायचं. संध्याकाळपर्यंत जुने स्वाध्याय उघडले, तर पुढे जा. नाही उघडले, तर यंदा थांबा.

आमच्याकडे सध्या एसवायच्या तीन मुली ते गणपतीचं बटण मूडलसाठी नव्यानं लिहीत आहेत. मुदती सरकतात, पण सुट्टीनंतरच्या प्रॅक्टिकलच्या तारखा अजून मागेच राहतात. चतुर्थीच्या आत ते जमायला हवं.