जुन्या लॅपटॉपवर विंडोज, लिनक्स की मॅक? वायफाय ड्रायव्हरच्या अंगाने तुलना

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये सेकंडहँड लॅपटॉप घेताना रॅम, एसएसडी, बॅटरी सगळं तपासलं जातं. वायफाय ड्रायव्हरला, म्हणजे वायफाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, पुढे अपडेट कुठून मिळणार, हे मात्र कुणी विचारत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्यात आतल्या गाभ्यात, चालतो. त्यात चूक राहिली, तर शेजारच्या गाळ्यातून सोडलेलं मुद्दाम बिघडवलेलं पॅकेट (वायफायवरून जाणारा डेटाचा तुकडा) मशीनचा ताबा घेऊ शकतं. तिथे अँटिव्हायरसचा फारसा उपयोग होत नाही.

अशा चुका तिन्हीकडे निघाल्या आहेत. जून २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या वायफाय ड्रायव्हरमधली सीव्हीई-२०२४-३००७८ (सुरक्षेच्या चुकांना दिला जाणारा नोंदणी क्रमांक) ही चूक दुरुस्त केली. हल्लेखोर फक्त वायफायच्या टप्प्यात असला की पुरे होतं. लिनक्समध्ये ऑक्टोबर २०२२ ला बीकन (राउटर स्वतःची ओळख सांगायला सतत सोडतो तो संदेश) वाचणाऱ्या भागातल्या चुका उघड झाल्या. नेटवर्कला न जोडता नुसतं स्कॅन करतानाही, म्हणजे आसपासची नेटवर्क शोधतानाही, त्या लागू पडत. ॲपलच्या एडब्ल्यूडीएलमधली (ॲपलची उपकरणं एकमेकांशी थेट वायफायने जोडणारी सोय) चूक २०२० मध्ये बुजवली गेली. तीही हवेतूनच, वापरणाऱ्याने कशालाही हात न लावता वापरता येत होती.

म्हणून निवड करताना पाहायचं ते एवढंच: दुरुस्ती तुमच्या मशीनपर्यंत येते का?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या जवळपास सगळ्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह स्वस्तात मिळाला, तर आमच्या मते सरळ उबंटू किंवा डेबियन हे लिनक्स टाका. इंटेल कार्डाचा ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो आणि नेहमीच्या अपडेटमध्ये दुरुस्त होतो. अपडेटनंतर रीस्टार्ट मात्र हवाच, नाहीतर जुनाच कर्नल चालू राहतो.

लिनक्सची दुखरी जागा म्हणजे स्वस्त यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचं वायफाय कार्ड. त्यातल्या काही रिअलटेक चिपचे ड्रायव्हर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून घेऊन बसवावे लागतात. सिस्टिम अपडेट त्यांना हात लावत नाही, आणि कर्नल बदलला की ते बंदही पडतात. असं डोंगल घेऊच नका.

टॅलीसाठी विंडोजच हवं असेल, तर ११ चालेल असंच मशीन घ्या. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स इथे ड्रायव्हरची अपडेट पडून राहतात, ती हाताने टाकावी लागतात. बसलेल्या ड्रायव्हरची तारीख डिव्हाइस मॅनेजरमध्ये, नेटवर्क अडॅप्टरच्या ड्रायव्हर टॅबवर दिसते.

मॅकचं सोपं: हार्डवेअर आणि ड्रायव्हर दोन्ही ॲपलच्या हातात, अपडेट एकच. पण मॅकओएसच्या नव्या आवृत्त्या बंद झालेला जुना मॅक स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

अपडेट बंद झालेलं मशीन दुकानात वापरावंच लागत असेल, तर लॅन केबल जोडा आणि वायफाय कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा. नुसतं नेटवर्क ‘फर्गेट’ केल्याने स्कॅनिंग थांबत नाही.