बियांची रोपं की क्लोन? लागवडीआधी पाहायच्या गोष्टी

काही हेक्टरवर झाडं लावायची ठरली की पहिला वाद रोपांवरून होतो. एक बाजू म्हणते, क्लोन (एकाच झाडाच्या फुटव्यांपासून केलेली हुबेहूब रोपं) घ्या, झाडं एकसारखी आणि भराभर येतात. दुसरी म्हणते, क्लोन नकोच, एक रोग आला की सगळं साफ. बियांची रोपं लावा, त्यात विविधता असते. दोघांचंही अर्धंच खरं आहे. खरी मेख क्लोन की बी यात नसून त्या मालामागे मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्यापासून बी किंवा फुटवा घेतला ती झाडं, किती आहेत यात आहे, असं माझं मत. ते का, ते पुढे येईलच. आधी वाढीचं बघू.

क्लोनमध्ये निवडलेल्या झाडाच्या जनुकांचा संच जसाच्या तसा येतो. बी धरताना मात्र पत्ते पुन्हा पिसले जातात. निम्मे आईकडून, तेही कोणते येतील ते नशिबावर. बाप कोण हे वाऱ्याला किंवा मधमाश्यांना ठाऊक. म्हणून उत्तम झाडाची रोपं सरासरीपेक्षा बरी निघतात, पण सगळीच आईच्या तोडीची निघत नाहीत. इथे क्लोनची सरशी उघड आहे. फक्त ती प्रत्येक गुणात सारखी नसते. लाकडाची घनता बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. उंची आणि घेर यांच्यात माती, पाणी आणि शेजारच्या झाडाचा हात मोठा. घनतेसाठी निवडलेला क्लोन तुमच्या जमिनीतही बहुधा तसाच निघेल. ‘दुप्पट वाढ’ सांगून विकलेल्या क्लोनचं तसं नाही.

त्या दुप्पट वाढीचा प्लॉट दाखवायला नेलं, तर टेप कुठल्या झाडाभोवती गुंडाळतात त्यावर नजर ठेवा. कडेच्या ओळीतल्या झाडाला एका बाजूने मोकळा उजेड आणि मोकळी माती मिळते, त्याचा घेर आतल्या झाडापेक्षा मोठा असणारच. दाटीने उंची फारशी बदलत नाही, घेर बदलतो. जमिनीचा कस ठरवताना वनशास्त्रज्ञ ठराविक वयाच्या सर्वांत वरचढ झाडांची उंची धरतात, घेर धरत नाहीत, ते त्यामुळेच. तेव्हा आतल्या ओळी बघा. शेजारी त्याच वेळी, त्याच अंतरावर लावलेली बियांची रोपं आहेत का तेही विचारा. नसतील तर ती जाहिरात झाली, तुलना नव्हे.

आता रोगाचं. क्लोनविरोधी मंडळी नेहमी पॉप्लरचं उदाहरण देतात, आणि ते चोख आहे. ‘बोप्रे’ नावाचा पॉप्लरचा क्लोन तांबेरा रोगाला दाद देत नाही म्हणून फ्रान्स-बेल्जियममध्ये मोठ्या क्षेत्रावर लावला गेला. १९९४ मध्ये तांबेऱ्याच्या बुरशीचा नवा प्रकार आला, ती प्रतिकारशक्ती मोडली, आणि सगळी झाडं एकच असल्याने एकालाही सूट मिळाली नाही. पण ब्राझीलची गोष्ट उलटी आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. तिथे निलगिरीच्या बियांपासूनच्या लागवडी खोडावरच्या कँकर रोगाने खंगल्या. रोगातून तरलेली, जोमदार झाडं हेरून त्यांच्या छाटकलमांपासून, म्हणजे फुटव्यांचे तुकडे रुजवून, लागवडी उभ्या राहिल्या. तिथल्या अराक्रुझ या लगदा कंपनीच्या चमूला या कामासाठी १९८४ चं वॉलेनबर्ग हे वनक्षेत्रातलं मानाचं पारितोषिक मिळालं. म्हणजे एका ठिकाणी क्लोनने बुडवलं आणि दुसऱ्या ठिकाणी तारलं. फरक तोडणीच्या मुदतीतही आहे. कागदाच्या लगद्यासाठी निलगिरी सहा-सात वर्षांत तोडली जाते, पुढच्या फेरीला क्लोन बदलता येतो. चाळीस-पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या झाडाच्या बाबतीत ही सोय नाही. तेवढ्या काळात बुरशीच्या कित्येक पिढ्या होतात, झाडाची एकही नाही.

मग बी म्हणजे विविधता, हे तरी खरं का? बी कुठून आणलं त्यावर आहे. रस्त्याकडेच्या एकाच लेकुरवाळ्या झाडाखालचं बी वेचून हजार रोपं केली, तर ती सगळी सावत्र भावंडं. बाप कितीही वेगवेगळे असले, तरी जनुकीय हिशेबाने त्या हजारांतली विविधता एकमेकांशी नातं नसलेल्या जेमतेम चार झाडांइतकी भरते. त्यातून ते झाड एकटंच असेल आणि स्वतःच्याच परागावर बी धरलं असेल, तर बऱ्याच जातींत रोपं खुरटी निघतात. त्यापेक्षा नात्याबाहेरच्या वीस क्लोनचं मिश्रण जास्त वैविध्याचं. बीजसंकलनात म्हणून निदान २५-३० मातृवृक्षांचं बी, तेही एकमेकांपासून ५०-१०० मीटर लांबच्या झाडांचं, घ्यायची शिस्त आहे. निवडक झाडं खास बियांसाठीच लावलेल्या बागेतलं, म्हणजे बीजोद्यानातलं, बी मिळालं तर सोन्याहून पिवळं: निवडीचा थोडा लाभ मिळतो आणि विविधताही राहते.

बी कुठल्या मुलखातलं, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. विल्मोरँ या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ले बार इथे ठिकठिकाणच्या बियांचे स्कॉट्स पाइन शेजारीशेजारी लावले. जात एक, जमीन एक, तरी खोडांचा सरळपणा मूळ ठिकाणाप्रमाणे वेगळा निघाला. ‘स्थानिक बी सर्वांत चांगलं’ हा त्यावरून रुळलेला नियम आता हवामान बदलल्याने थोडा सैल होतोय. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१८ मध्ये बी कुठून कुठे न्यायचं हे हवामानाच्या साम्यावर ठरवायची पद्धत आणली. तरी अशी अभ्यासलेली माहिती हाताशी नसेल, तर माझा कौल जवळच्या बियालाच.

विरळणीचा, म्हणजे दाटीतली काही झाडं काढून टाकण्याचा, मुद्दा विक्रेते काढत नाहीत, पण खर्चाचं गणित त्यावरच फिरतं. बियांच्या रोपांत उन्नीस-बीस असतंच, म्हणून ती दाट लावायची आणि वाकडी, मागे पडलेली झाडं काढत जायचं. विरळणी ही तिथे दुसरी निवडच असते. क्लोनमध्ये सगळी एकाच आईची प्रत, काढायचं कुणाला? तिथे विरळणीने जागा मोकळी होते, वाण सुधारत नाही. म्हणून क्लोन सुरुवातीलाच मोकळ्या अंतरावर लावतात. त्यात मर झाली तर मात्र रिकामे पडलेले खाडे लगेच नव्या रोपांनी भरावे लागतात. उशिरा लावलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत कायमचं मागे पडतं. पहिल्या वर्षी लक्ष द्यायला माणूस नसेल, तर दाट लावलेली बियांची रोपं जास्त सोसतात.

रोपवाटिकेत गेल्यावर एक रोप उपटून बघाच. छाटकलमाला मुळं कधीकधी एकाच बाजूने फुटतात. असं झाड मोठं झाल्यावर वाऱ्यात कलतं. बियांच्या रोपाला पिशवीत जास्त दिवस ठेवलं तर सोटमूळ तळाशी गुंडाळतं, आणि ती गुंडाळी जमिनीत गेल्यावर सुटत नाही. क्लोनचं आणखी एक: फुटवा कुठला घेतला? म्हाताऱ्या झाडाच्या आडव्या फांदीचं कलम पुष्कळ जातींत फांदीसारखंच आडवं वाढू पाहतं. बुंध्यापासून किंवा तोडलेल्या खुंटावर आलेला फुटवा तरुण समजावा.

(जनुकसंच वाचून निवड करण्याचा बोलबाला आहे. पॉप्लरचा २००६ मध्ये वाचला गेला, झाडांमधला तो पहिलाच. नवे वाण पैदा करायला लागणारी वर्षं त्याने कमी होतात. रोपं घेणाऱ्याला मात्र शेतावरच्या चाचणीचे आकडेच मागावे लागतात.)

लाकूड हा हेतूच नसेल आणि आसपास जुनी झाडं, जमिनीत खुंट असतील, तर दोन्ही सोडा. चराई आणि आग रोखून नैसर्गिक पुनर्निर्मितीला वाव द्या.

लाकूड हवं असेल आणि तोडणी दहा वर्षांच्या आत असेल, तर तुमच्यासारख्या जमिनीत चाचणी झालेले क्लोन घ्या. एकच क्लोन कधीही नको. प्रत्येकाचा वेगळा तुकडा पाडा, म्हणजे एखादा बिघडला तर तेवढाच तोडता येतो. मुदत लांबची असेल तर बीजोद्यानाचं बी, तेही नसेल तर पुष्कळ मातृवृक्षांचं. क्लोन विकणाऱ्याला वाणाचा क्रमांक, बी विकणाऱ्याला मातृवृक्षांची संख्या विचारा, आणि उत्तर कागदावर मागा.